पूजेला बसलेले माऊस

त्या गेमचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. मी त्याला 'बडवाबडवी' म्हणायचे. सातपूरला आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर होते, दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती, आणि कॉलेजची, कंपन्यांतली पोरं येऊन चारही मशीनवर हाच एक गेम खेळायची. एक मोठं शहर, त्यात एक रिकामटेकडा हिरो. कोणाचीही गाडी अडवायची, ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढायचं आणि गाडी घेऊन पळायचं. मध्ये कोणी आलं की बडवायचं.

या गेमचे एकामागून एक भाग निघत होते आणि दर भागात बडवायच्या वस्तू वाढत होत्या. जुन्या भागात म्हणे नुसत्या मुठी आणि एक बॅट होती. मग हातोडा आला, कोयता आला, स्क्रू-ड्रायव्हर आला. नव्या भागात तर फावडं, पोलिसाचा दांडका, म्हाताऱ्याची काठी, तलवार, झाडं कापायची मशीनची करवत. माझ्या माहेरी सटाण्याला एवढी अवजारं आमच्या खळ्यावर नव्हती. पण पोरं त्यांना हात लावत नसत. बंदूक मिळत असताना फावडं कोण उचलतंय? माऊसने नेम धरायचा, बटण दाबायचं, माणूस लांबच्या लांब आडवा.

मला तो गेम आवडायचा नाही, पण घर त्याच्यावर चालत होतं. गरज सरेपर्यंत नाक मुरडायचं नसतं, एवढं मला कळतं.

माझा नवरा दीपक. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, सांगताना दीपक म्हणते. सासूबाई असत्या तर त्यांना हे खपलं नसतं. दीपक एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं घडवायच्या खात्यात, फिटर होता. चांगला फिटर होता, हे मी बायको म्हणून सांगत नाही. रंगनाथ नाना, ज्यांच्या हाताखाली तो शिकला, ते कोणाचं कौतुक करायचे नाहीत, आणि ते म्हणायचे, "दीपकच्या छिन्नीची रेघ बघा अन् मग पट्टी लावा. पट्टी लाजल."

दोन हजार चारच्या खंडेनवमीला कंपनीत सकाळी पूजा झाली. सगळ्या मशीन धुतल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, नारळ फुटले. पूजेला बसलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही, मशीन चालवायची नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण मालाचा एक लॉट राहिला होता आणि ट्रक दारात उभा होता. पत्रा दाबायच्या प्रेसवरचा माणूस प्रसाद घेऊन घरी गेलेला. फोरमन धोंडीराम साहेब दीपकला म्हणाले, "अर्धा तास फक्त." दीपकने हार बाजूला सारला आणि प्रेस चालू केली. विसाव्या मिनिटाला प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. अंगठ्याजवळचं आणि मधलं.

घाईत हात वाचवायचा गार्ड लावला नव्हता, हे खरं कारण. मला ते समजतं, मी काही अडाणी नाही. पण माझी आई सटाण्याहून आली ती दवाखान्यात कपाळाला हात लावून एकच म्हणाली, "पूजाले बशेल हत्यारले हात लावानं नही, बेटा." ते माझ्या मनात घट्ट रुतून बसलं.

भरपाई आली, तिच्यातून मी हे कॉम्प्युटर घेतले. दीपकला कंपनीने गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर तो डाव्या हाताने लिहायचा. उजवा हात पँटच्या खिशात. मे महिन्यातसुद्धा खिशात. त्याने देवळात जाणं सोडलं, कारण प्रसाद उजव्या हातावर घ्यावा लागतो. लग्नाला गेला तर पंगतीला बसायचा नाही, पोट बिघडलंय म्हणायचा. वर्षभर एका माणसाचं पोट बिघडलेलं, आणि विचारायला कोणी नाही.

मी विचारायचे. मी भांडायचे. "खिशात काय सोनं ठेवलंय का?" असं एकदा म्हणून गेले आणि मग रात्रभर स्वतःला शिव्या देत पडले.

आता मुख्य गोष्ट सांगते. रंगनाथ नाना दिवाळीनंतर रिटायर होणार होते. टूलरूममधला त्यांचा कामाचा बेंच रिकामा होणार होता. त्या जागी दोघांपैकी एकच जण येऊ शकत होता. एक दीपक, दुसरा लखन. लखन बावीस वर्षांचा, आयटीआय करून आलेला, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. धोंडीराम साहेब दसऱ्यानंतर नाव सांगणार होते. दीपकने जाऊन मागितलं असतं तर त्याचा हक्क पहिला होता. पण मागायचं म्हणजे समोर उभं राहायचं, आणि समोर उभं राहिलं की साहेब हात बघायला मागणार. गडी काही मागायला जाईना. गेटवरच्या त्या खुर्चीत तो साठ वर्षांचा होईपर्यंत बसणार, हे मला दिसत होतं.

पहिली शिफ्ट करून दीपक चारला घरी यायचा. पोरं पाचनंतर यायची. मधल्या तासात तो एक नंबरच्या मशीनवर बसायला लागला. मला वाटलं, बरं झालं, तेवढंच मन रमेल. मी भाजी निवडता निवडता बघायचे. माऊसला तो हात लावत नसे. माऊसची दोन्ही बटणं ज्या दोन बोटांनी दाबायची, तीच दोन त्याच्याकडे नव्हती. आणि डाव्या हाताने माऊस धरला की नेम आभाळात जायचा. म्हणून बंदूक त्याच्या कामाची नव्हती. त्याने गेममध्ये काहीतरी खटपट करून चालणं, मारणं, सगळं कीबोर्डच्या डावीकडच्या बटणांवर आणलं. राहिली ती अवजारं. दीपक ती एकेक घेऊन बघायचा, जसा कानस घेताना दात बघायचा तसा.

"बॅटचा पल्ला मोठा हाय," तो मला सांगायचा, "पण एकदा मारली की माघारी यायला वेळ. तेवढ्यात दुसरा येऊन मारतो. तलवारीचं तेच. चाकू हलका, पण दहा वार करावे लागतात."

"मग?"

"हातोडा."

"हातोडा तर एवढुसा."

"हातोडा मारायचा नसतो, सविता. सोडायचा असतो. तो आपला आपण परत येतो. आला की परत सोडायचा. घाई केली की गेलं."

वर्षभरात इतकी वाक्यं तो एका दमात बोलला नव्हता. मी भाजीत मीठ दोनदा टाकलं त्या दिवशी.

एक अडचण होती. मागून कोणी आलं की मान वळवून बघायला माऊस लागतो. माऊस नसेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर ते करता येतं, पण त्याला दुसरा हात पाहिजे. दीपकचा दुसरा हात खिशात. समोरच्या दहा-पंधरा जणांना तो झोपवायचा आणि मग मागून येणारा त्याला झोपवायचा. रोज. मी म्हणायचे, "दुसरा हात लावा ना, घरात कोण आहे बघायला?" तो मशीन बंद करून उठायचा.

दोन हजार पाचची खंडेनवमी आली. कंपनीला पूजेनंतर सुट्टी. लखनने आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं की दुपारी दोन वाजता आमच्याकडे मॅच. गेममध्ये बस डेपोच्या मागे एक गल्ली आहे. तिथे एका टोळीतल्या एकाला मारलं की सगळी टोळी अंगावर येते. आपण पडायच्या आत किती जण आडवे केले, ते मोजायचं. सगळे एक नंबरच्या मशीनवर, पाळीपाळीने. लखनचा बंदुकीने एकतीसचा आकडा होता आणि तो सातपूरभर सांगून झाला होता. मीही प्रसादाला म्हणून रंगनाथ नानांना आणि धोंडीराम साहेबांना बोलावलं होतं. साहेबांना का बोलावलं? कारण दसरा जवळ आला होता. मी काही साधी नाही.

सकाळी मी घरात पूजा मांडली. विळी, कात्री, दीपकची जुनी छिन्नी आणि पट्टी पाटावर ठेवली. मग विचार केला, आता घर ज्याच्यावर चालतं ते हत्यार कुठलं? कॉम्प्युटर पाटावर मावत नाही. कीबोर्ड आडवे, तेही मावेनात. पोरांच्या हातात दिवसभर काय असतं? माऊस. मी चारही माऊस उपटले, ओल्या फडक्याने पुसले, त्यांच्या शेपट्या गुंडाळल्या आणि पाटावर ओळीने ठेवले. हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. मॅच डोक्यातून साफ गेली होती. खरं सांगते. लोक अजून म्हणतात की सविताने मुद्दाम केलं. मुद्दाम करायला मला त्या गेममधलं एवढं कळत असतं तर काय हवं होतं.

दोनला पंधरा-वीस जण आले. लखन एक नंबरवर बसला, हात उजवीकडे नेला आणि थांबला.

"वहिनी, माऊस कुठंय?"

मी पाटाकडे बोट केलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून ठेवलंय.

सगळी खोली हसायला लागली. लखन नाही हसला. "वहिनी, एक तरी द्या. मॅच झाली की परत ठेवतो, फूल वाहतो, पाया पडतो."

"पूजेला बसलंय ते. नाही उचलायचं."

"अहो, माऊस म्हणजे काय तलवार हाय का?"

"घर चालतं त्याच्यावर. आमच्यासाठी तलवारच."

"अर्धा तास फक्त."

ते तीन शब्द त्याने सहज म्हटले. त्याला काय माहीत. मी हातातलं ताट खाली ठेवलं. दीपक कपाटाला टेकून उभा होता, उजवा हात खिशात, आणि त्याचा चेहरा एकदम कोरा झाला. लखन धोंडीराम साहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही सांगा वहिनींना."

साहेब खुर्चीत बसले होते. ते खाली बघत म्हणाले, "नको. मागच्या साली मीच म्हटलो होतो अर्धा तास. माऊस राहू द्या तिथंच."

वर्षभर साहेबांनी हे कधी कोणासमोर कबूल केलं नव्हतं. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी अर्धा तरी उतरला. सगळा नाही.

शेवटी रंगनाथ नानांनी तोड काढली. "कीबोर्ड तर पाटावर नाय ना? मग खेळा कीबोर्डवर. नेम नाय तर बंदूक नाय. हाताने मारा. आमच्या टायमाला मारामाऱ्या हातानेच व्हायच्या."

तसं ठरलं. डेपोच्या आवारात अवजारं पडलेली असतात, ज्याला जे पाहिजे ते त्याने उचलायचं. दोन्ही हात वापरायला सगळ्यांना मुभा. एकेक जण बसायला लागला आणि त्यांची फजिती बघण्यासारखी होती. एकाने करवत घेतली आणि भिंतीवरच चालवली. एकाने फावडं घेतलं, तो सहाव्यालाच पडला. बंदुकीची सवय लागलेली पोरं ती, जवळ आलेल्या माणसाचं काय करायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. लखन मात्र हुशार. त्याने तलवार घेतली, पाठ भिंतीला लावली आणि बटण सारखं बडवत राहिला. तेवीस. खोलीत शिट्ट्या झाल्या.

"आहे कोणी?" लखन म्हणाला.

कोणी पुढे येईना. मी दीपककडे बघत होते. मला वाटत होतं ओरडून सांगावं. पण बायकोने पुढे ढकललेला नवरा अर्धाच पुढे जातो, म्हणून मी जीभ दाताखाली धरली.

"मी बसतो," दीपक म्हणाला.

तो बसला. डावा हात बटणांवर, उजवा खिशात. डेपोच्या आवारात तलवार होती, बॅट होती. त्याने कोपऱ्यातला हातोडा उचलला.

"दीपकभाऊ, हातोडा?" लखन म्हणाला. "त्याचा पल्ला टीचभर."

"टीचभर पुरतो."

पहिला आला. दीपकने त्याला जवळ येऊ दिलं, मग एकच घाव सोडला. थांबला. हातोडा वर आला, पुन्हा सोडला. बटणाचा आवाज ऐकू येत होता. लखनच्या वेळी तो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा होता. आता ठक, मग थोडी जागा, मग ठक. पाच झाले. नऊ झाले. रंगनाथ नाना बसल्या जागी गुडघ्यावर बोट आपटायला लागले. ठक. ठक. त्यांचं बोट आणि दीपकचं बटण एकाच वेळी पडत होतं.

"साहेब," नाना हळूच म्हणाले, "ऐकताय का? हा माझा हात हाय. मी शिकवलेला."

चौदा. पंधरा. आणि मग रोजचं तेच झालं. टोळीतले दोघे मागून आले. दीपकला ते दिसत नव्हते, आम्हालाही दिसत नव्हते, फक्त हिरो धडपडला आणि त्याचा जीव दाखवणारी लाल पट्टी निम्मी झाली. सोळा. पट्टी आणखी कमी झाली. दीपकच्या कपाळावर घाम आला. मला माहीत होतं आता काय होणार. तो पडणार, मशीन सोडून उठणार, आणि त्या उठण्याबरोबर नानांचा बेंचही जाणार, कारण साहेब समोर बसून बघत होते.

मी जीभ सोडली. "अहो," मी म्हटलं, एवढंच.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. उजवा हात खिशातून बाहेर आला.

वीस माणसांसमोर बाहेर आला. सगळ्यांनी पाहिला. अंगठा, मग मोकळी जागा, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. ती दोन बोटं आकड्यांच्या बटणांवर गेली आणि हिरोने मान वळवली. मागचे दोघे समोर आले. ठक. ठक. अठरा.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि पोरं खुर्च्यांवर चढली होती. वीस झाले तेव्हा लखनच मोठ्याने मोजायला लागला. तेवीसला तो थांबला नाही, चोवीस त्याने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. त्याबद्दल त्याचं सगळं तोंडाळपण मी माफ केलं. सत्तावीस. तीस. दीपक घाई करत नव्हता. लाल पट्टी दोऱ्याएवढी उरली होती आणि हा माणूस कंपनीतल्या बेंचवर उभा असावा तसा निवांत. चौतिसावा पडला आणि दीपक पुढच्याची वाट बघत राहिला. पुढचा आला नाही. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. गल्लीत कोणी उरलं नव्हतं.

ती गल्ली रिकामी होते, हेच तोवर सातपूरमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

पोरांनी दीपकला खुर्चीसकट उचलला. खाली ठेवल्यावर मी प्रसादाचं ताट घेऊन पुढे झाले. वर्षभर मी प्रसाद वाटीत घालून त्याच्यासमोर ठेवत होते. आज मी वाटी आणली नाही. मी पेढा उचलला आणि हात तसाच धरून उभी राहिले. दीपकने उजवा हात पुढे केला. पेढा मी त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याने तो तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी तो आपट्याची पानं घेऊन निघाला. "कुठे?" मी विचारलं. "साहेबांकडं," म्हणाला. मीही चपला घातल्या. साहेबांच्या दारात त्याने उजव्या हाताने सोनं पुढे केलं.

"सोनं घ्या साहेब, सोन्यासारखं राहा. अन् नानांचा बेंच मला पाहिजे."

साहेबांनी पानं घेतली, पण तो हात सोडला नाही. उलटा केला, सुलटा केला, उरलेली बोटं दाबून बघितली. "त्या गेमवर मी बेंच देत नाय," ते म्हणाले. "अन् माझ्या चुकीची भरपाई म्हणूनही देणार नाय. उद्या सकाळी सातला ये. लखन पण येईल. लोखंडाच्या पट्टीवर छिन्नीने रेघ मारायची. ज्याची सरळ, त्याचा बेंच."

"चालल," दीपक म्हणाला.

घरी येताना मला धाकधूक वाटत होती. मी म्हटलं, "गेम वेगळा, लोखंड वेगळं. धरवेल का हातोडा?" तो म्हणाला, "हातोडा कुठल्या बोटांनी धरतात, ठाऊक आहे का तुला? शेवटच्या दोन. पुढची दोन नुसती सोबतीला असतात. मला हे येत होतं गं, सविता. वर्षभर मी विसरलो होतो."

सकाळी डबा दिला तो त्याने उजव्या हातात घेतला. दुपारचे चार वाजेपर्यंत मी तीन वेळा फरशीचा तोच कोपरा पुसला. चारला फाटक वाजलं. दीपक आत आला, मागे लखन, मागे दम खात नाना. दीपकने पिशवीतून लोखंडाची एक पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ.

"मोजपट्टी लावून बघितली साहेबांनी," लखन म्हणाला. "माझी दोन ठिकाणी वाकली. यांची नाय. वहिनी, आता माऊस द्या, दसरा झाला."

मी पाटावरून चारही माऊस उचलले, फुलं बाजूला केली आणि तीन मशीनना लावले. एक नंबरला नाही लावला. मग पट्टी छातीशी धरून मी सगळ्यांसमोर रडले, आणि दीपकने त्या हाताने माझे डोळे पुसले.